खाडीची वही खाडीवरच राहायला हवी

प्रश्न कराडच्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकांचा आहे. दाभोळ खाडीच्या पाण्याची वर्षभर नोंद ठेवायचा प्रकल्प त्यांनी आखलाय. प्रश्नावली आणि मोबाइल अ‍ॅप तयार आहे. मच्छीमारांना सोबत घ्यायचंय, पण गावात गेलं की लोक आदरानं चहा पाजतात आणि विषय टाळतात. घाटावरच्यांनी खाडीत जाऊन हे काम करणं मुळात योग्य आहे का, आणि करायचं तर सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, योग्य आहे का, याचं उत्तर आधी देतो. मी साताऱ्याचा, आणि उमेदीची बरीच वर्षं कोकणातल्या खाड्यांचं पाणी तपासण्यात गेली. दाभोळच्या खाडीशी आपला संबंध पाहुण्याचा नाही. कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि तुमच्या कराडात प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, हे शाळेत सगळे शिकतात. पण शिवसागरातलं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातलं, बरंचसं पाणी कराडला येतच नाही. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला उतरतं, पोफळी-अलोऱ्याच्या वीजगृहांतून जातं आणि अवजल म्हणून चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडलं जातं, आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादानं दिलेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्यांचे कातळ उघडे पडतात, तेव्हा वाशिष्ठी वाहते ती पाटण तालुक्यात साठलेल्या पाण्यावर. म्हणजे दाभोळच्या खाडीत मे महिन्यात पाणी किती खारं असावं, हे काही अंशी सातारा जिल्ह्यातल्या धरणावर ठरतं. एवढं नातं असताना आपण तिकडे पाहायचंही नाही, हे मला पटत नाही. मात्र हे नातं आहे म्हणून आपल्याला तिथं अधिकार मिळत नाही, जबाबदारी मिळते, आणि तिच्या अटी खाडीवरच्या लोकांनी घालायच्या.

आता लोक विषय का टाळतात ते. गेल्या कित्येक वर्षांत त्या काठावर सर्वेक्षणवाले येऊन गेलेत. बाटल्या भरल्या, सह्या घेतल्या, फोटो काढले आणि घाट चढून परत गेले. पुढं काय झालं, हे गावाला कुणी कळवलं नाही. कोयनेच्या खोऱ्यातून उठवलेल्या कुटुंबांशी तुम्ही कधी बोलला असाल, तर हा अनुभव तुम्हाला नवा वाटणार नाही. त्यामुळं तुमची प्रश्नावली कितीही चांगली असली तरी पहिल्या भेटीत ती पिशवीतून काढू नका. त्यांना काय कळायला हवंय, ते आधी ऐका. खाडीकाठी साधारण तीन गोष्टी निघतात. मासा मरतो तो नेमका कशानं? तिसऱ्या आणि मुळे हे शिंपले का कमी झाले? धरणाचं पाणी कधी सुटणार, हे आधी का कळत नाही? तुमच्या प्रकल्पात जडधातू, पोषकद्रव्यं, सूक्ष्म प्लास्टिक असं बरंच असेल. ते सगळं बाजूला ठेवून यातला एक प्रश्न उचला, आणि कुठला उचलायचा ते त्यांना ठरवू द्या. नोंदींचा सांगाडा त्या प्रश्नाभोवती बांधा. हा क्रम उलटा झाला, तर पुढं कितीही प्रशिक्षणं घेतली तरी ते लोक तुमचे बाटल्या भरणारे मजूरच राहतात.

'मच्छीमार समाज' असा एकच समाज तिथं नाही, हेही आधीच ध्यानात घ्या. खाडीच्या आतल्या गावांत भोई आहेत, मुखाकडं दाभोळ-धोपावेच्या बाजूला खारवी आणि दालदी मुसलमान आहेत. कातकरी वाड्यांवरची माणसं चिखलात हात घालून खेकडे काढतात, आणि मच्छीमार सोसायटीच्या यादीत त्यांचं नाव बहुधा नसतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. सोसायटीच्या अध्यक्षांशी बोलणं झालं म्हणजे गाव सोबत आलं, असं धरून चाललात तर खाडीच्या तळाशी सर्वांत जास्त वेळ घालवणारी माणसंच सुटतात. बायकांचंही तसंच. ओहोटीला कालवं फोडणाऱ्या आणि तिसऱ्या उकरणाऱ्या बायकांना चिखलातला बदल जाळंवाल्याच्या आधी कळतो. त्यांच्याशी बोलायचं तर सभा मंदिरात किंवा सोसायटीच्या कचेरीत ठेवून उपयोग नाही. ओहोटीच्या वेळी तुम्हीच चिखलात उतरा, आणि बोलणं तुमच्या विद्यार्थिनींना करू द्या.

मोजमापाकडे येतो, कारण विश्वास इथंच बसतो किंवा उडतो.

खाडीत घड्याळाची वेळ लिहून भागत नाही. त्या नमुन्याच्या वेळी भरती चढत होती की उतरत होती, उधाण होतं की भांग (मोठी भरती की लहान), हे नसेल तर आकडा वाचताच येत नाही. सकाळी दहाला घेतलेलं पाणी एका दिवशी समुद्राचं असतं, आठवड्यानं त्याच जागी त्याच वेळी नदीचं. मच्छीमार हे तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, उत्तर तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण, नऊच्या सुमारास सुकती. दशमीला साडेसात. चंद्रामुळं भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते आणि पंधरवड्यात चक्र पुन्हा जागेवर येतं. त्याचं हे तोंडी गणित. शिवाय मुखाशी जी वेळ असते ती आत चिपळूणजवळच्या गोवळकोटाकडं लागू पडत नाही, भरती तिथं उशिरा पोचते. किती उशिरा, ते त्या त्या गावच्या माणसाला पाठ असतं. तुमच्या वहीत तारखेशेजारी तिथीचा रकाना ठेवा आणि 'पाणी चढतं / उतरतं' हा रकाना गावच्या माणसाला भरू द्या. तो रकाना शोभेचा नाही. पुढं विश्लेषणात तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.

दाभोळच्या खाडीत आणखी एक रकाना लागतो, जो दुसऱ्या बहुतेक खाड्यांत लागत नाही. तो अवजलाचा. कोयनेची वीज प्रामुख्यानं जास्त मागणीच्या वेळी तयार होते, त्यामुळं वाशिष्ठीत पाणी दिवसभर सारखं येत नाही. आतल्या गावांतले लोक पाण्याची ओढ बघून 'धरणाचं पाणी आलं' असं सांगतात. हे लिहून ठेवा आणि पुढं वीजनिर्मितीच्या वेळांशी ताडून बघा. घाटावर राहणाऱ्या तुमच्यासारख्यांचं खरं योगदान इथं आहे. त्या वेळा मागून आणणं खाडीवरच्या माणसाला अवघड जातं, तुम्हाला कोयनानगर जवळ आहे.

मासे मरण्याचा प्रश्न निवडला गेला, आणि मला वाटतं तोच निवडला जाईल, तर तळाचं पाणी घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. गोडं पाणी हलकं, खारं जड. वरून अवजल किंवा पावसाचं पाणी वाहत असतं आणि खाली खाऱ्या पाण्याची जीभ आत शिरलेली असते. दोन्ही थर नीट मिसळले नाहीत तर वरच्या थराला वाऱ्यानं प्राणवायू मिळत राहतो, खालचा थर कोंडतो. त्यात सांडपाणी किंवा कुजणारा गाळ आला की तळाचा प्राणवायू झपाट्यानं संपतो. अशा वेळी होडीतून बादली टाकून वरचं पाणी घेतलं तर आकडा सहा मिलिग्रॅम प्रतिलिटर येतो, 'पाणी उत्तम' असं लिहिलं जातं आणि शेजारी मासा उलटा तरंगत असतो. ज्या गावानं असा एक अहवाल पाहिला, ते गाव पुढच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तळाचं पाणी काढायचं साधन गावातच बनतं. रुंद तोंडाच्या डब्यात प्राणवायू मोजायची ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बसवायची, डब्याला जाळ्याचं शिसं बांधायचं, डब्याच्या बुचातून एक नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यायची. पाणी आधी बाटलीत भरतं, मग तिच्यातून वाहून डबा भरतो. असं दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वाहून गेलं की सुरुवातीला बुडबुड्यांनी मिसळलेली हवा निघून जाते. बाटली वर आली की होडीतच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड दोन-दोन मिलिलिटर सोडायचं, बूच लावायचं, उलटसुलट करायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. हे कागदावर वाचण्यात आणि डोळ्यांनी बघण्यात फार अंतर आहे. वरच्या पाण्याची बाटली तपकिरी आणि त्याच जागेवरची तळाची बाटली पांढुरकी, अशा दोन शेजारी-शेजारी धरल्या की होडीतल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. तो तुम्हाला सांगतो, आज खालचा मासा का गेला आणि वर फिरणारा बोय मासा का वाचला. पुढं आम्ल घालून साका विरघळवला की बाटली अंधारात ठेवून काही तासांनी गावात येऊनही थायोसल्फेटनं अनुमापन करून प्राणवायूचा आकडा काढता येतो. ही रसायनं कातडी आणि डोळ्यांना घातक आहेत. हातमोजे, चष्मा आणि उरलेलं द्रावण परत आणायची बाटली ही तुमची जबाबदारी. ते खाडीत ओतायचं नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटर असेल तर जरूर न्या, पण महिन्यातून एकदा तरी तो या जुन्या पद्धतीशी ताडून बघा. खारटपणासाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडं धरून निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वाचायचा. ऊर्ध्वपातित पाण्यानं शून्य लावायचं राहिलं नाही म्हणजे झालं. आठवीतली मुलगी हे पहिल्याच दिवशी शिकते.

आकडा वाचताना खाडीचं पाणी नदीच्या मापानं तोलू नका. ३० अंश तापमानाला गोडं पाणी जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरतं, समुद्राचं खारं पाणी सव्वासहापर्यंतच. किनारी पाण्यासाठी आपल्याकडं वेगळे निकष ठरलेले आहेत. शिंपले-कालवं धरण्याच्या वर्गात किमान पाच, आंघोळीच्या वर्गात चार. सगळ्यात नीचांक पहाटे उजाडायच्या आधी मिळतो, कारण रात्रभर प्राणवायू खर्ची पडतो आणि तयार होत नाही. कुंभार्ली घाट उतरून अकराला पोचणाऱ्या पथकाला तो कधीच दिसत नाही. तो पाग (फेकायचं जाळं) टाकायला निघालेल्या माणसालाच दिसतो. म्हणून साधनं गावात ठेवायची.

आता सर्वांत नाजूक भाग. अहवालात 'खाडीचं पाणी खराब' असं आलं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं, तर दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईचा मासा कोण घेणार? प्रदूषण करणाऱ्याचं त्या दिवशी काहीच बिघडत नाही, नुकसान तिचं होतं. तसंच कालवांचे चांगले खडक कुठं आहेत, कोळंबीची पिल्लं कुठल्या खाजणात वाढतात, हे तुमच्या नकाशावर ठिपक्यांनी दिसलं की बाहेरचे तिथं पोचतात. लोक विषय टाळतात त्यामागं हे दोन्ही असतं, फक्त ते पाहुण्याच्या तोंडावर बोलत नाहीत. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच लेखी ठरवा. मूळ नोंदवही गावात राहील. कार्बन पेपर घालून दुहेरी वही करा, वरचं पान गावाचं, खालचं कॉलेजचं. ठिकाणांची नावं बाहेरच्या अहवालात ढोबळच येतील. कुठलाही आकडा प्रसिद्ध व्हायच्या आधी गावबैठकीत वाचला जाईल आणि 'आत्ता नको' म्हणायचा हक्क गावाला असेल. तुमच्या विद्यार्थ्याचा शोधनिबंध यामुळं सहा महिने लांबला तर लांबू द्या. जगभर आदिवासी समूहांनी आपल्या माहितीवरच्या हक्काची तत्त्वं २०१९ मध्ये मांडली, त्यांचाही गाभा हाच आहे की माहिती ज्यांच्याबद्दलची, तिच्यावर ताबा त्यांचा. आपल्याकडं जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ती कपाटात पडलेली असेल तर काढायला लावा. तुमच्या नोंदींना गावात कायदेशीर घर मिळतं.

मोबदल्याबद्दल संकोच करू नका. तिसऱ्या उकरणाऱ्या बाईचा दिवस आठ तासांचा नसतो, तो एका ओहोटीचा असतो. तुम्ही तिला प्रशिक्षणाला दोन तास बसवलंत आणि ओहोटी निघून गेली, तर तिचा पूर्ण दिवस बुडाला. तेव्हा पैसे ओहोटीवर मोजा, किती ते तिच्याकडूनच ऐका, आणि अंदाजपत्रकात ते यंत्रांच्या वरच्या ओळीत लिहा. होडीचं इंधन वेगळं. प्रमाणपत्र आणि टोपी देऊन भागवणारे प्रकल्प मला अन्यायाचे वाटतात.

कायद्याची एक बाजू लोकांना पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा, नाहीतर पुढं फसवणूक झाल्यासारखं वाटतं. तुम्ही भरलेली बाटली कारखान्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून सहज उभी राहत नाही. जल प्रदूषण अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणं सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, संबंधिताला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे, अशी ठरलेली रीत आहे. तुमच्या वहीचा उपयोग त्या अधिकाऱ्याला योग्य वेळी योग्य जागी आणण्यासाठी. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीबद्दल खाडीकाठची तक्रार जुनी आहे. पण अधिकारी पोचेपर्यंत एक भरती येऊन गेलेली असते आणि पाणी बदललेलं असतं. म्हणून मासे मरायला लागल्यावर कोण कुणाला फोन करणार, मंडळाच्या चिपळूणच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कोण कळवणार, तळाची बाटली कोण भरणार, हे नावानिशी भिंतीवर लिहिलेलं असावं. मासा घ्यायचा तर तडफडणारा घ्या, फुगलेला नको, आणि बर्फात ठेवा. कुठल्या जातीचा मासा आधी वर आला, खेकडे काठावर चढले का, हेही लिहा. त्यावरून प्राणवायू संपला की विषारी पाणी आलं, याचा अंदाज बांधता येतो. मंडळानं दाद दिली नाही तर कलम ४९ खाली साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक न्यायालयात तक्रार करू शकतो. नुकसानभरपाईसाठी हरित लवादाकडं पाच वर्षांपर्यंत जाता येतं, पण बाकीच्या दाव्यांची मुदत सहा महिन्यांची आहे. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, म्हणजे तिथंही घाटावरच्या माणसाची मदत होते.

कराडहून दर आठवड्याला उतरणं झेपणार नसेल तर हाच प्रयोग आधी कृष्णेवर करून बघायलाही हरकत नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येनं मेले, तेव्हाही नदीवर रोज उतरणाऱ्या भोयांना ते सगळ्यांच्या आधी दिसलं असणार. भरती-ओहोटी आणि खारटपणा सोडला तर बाकी बहुतेक तिथं लागू पडतं.

अ‍ॅपचं विचारलंत. पहिलं वर्षभर ते राहू द्या. ओल्या हातानं, होडीत, पहाटेच्या अंधारात वही आणि शिसपेन्सिलच चालते. वर्षाच्या शेवटी गावाला स्वतःहून वाटलं, तर वहीचेच रकाने जसेच्या तसे अ‍ॅपमध्ये न्या, तिथीसकट.

पहिली भेट नारळी पौर्णिमेनंतर ठेवा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत लोक घरी असतात म्हणून तेव्हा जावंसं वाटतं, पण ते हातात पैसा नसण्याचे दिवस असतात आणि खाडीही पुराच्या पाण्यानं भरलेली असते. तोपर्यंत एक काम इकडूनच करता येईल. गेल्या वर्षभरातल्या वीजनिर्मितीच्या तासवार वेळा आणि अवजलाचा विसर्ग मागणारा अर्ज माहितीच्या अधिकारात आजच टाका. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि पहिल्या बैठकीला जाताना तो कागद तुमच्या हातात असला तर धरणाचं पाणी कधी सुटतं, या त्यांच्या प्रश्नावर बोलणं लगेच सुरू करता येईल.